नानांच्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग

धुळ्याला आमच्या गल्लीत तेव्हा टीव्ही बऱ्याच घरी होते, पण व्हीसीआर एकट्या आमच्याकडे. मामा आखातात नोकरीला होते, त्यांनी तो आणला आणि वडिलांच्या हाती दिला. वडील सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळत. व्हीसीआर आल्यापासून ते गल्लीचे तंत्रज्ञ झाले. त्यासाठी परीक्षा वगैरे काही नव्हती, यंत्र ज्याच्या घरात तो तज्ज्ञ.

यंत्राबरोबर इंग्रजी माहितीपुस्तक आलं होतं. ते वडिलांनी वाचलं नाही, कारण वाचलं तर आपल्याला येत नाही असा अर्थ निघाला असता. मी तेव्हा बारावीला होते. ते दप्तरात लपवून मीच वाचलं. तोवर वडिलांनी पहिलं रेकॉर्डिंग केलंही होतं. बातम्यांच्या जागी अर्धा तास नुसत्या पांढऱ्या मुंग्या. टीव्हीवर केंद्र लागलेलं असलं तरी व्हीसीआरवर ते वेगळं लावावं लागतं, हे त्यांच्या गावी नव्हतं. ती कॅसेट पुसून टाकणं त्यांना कमीपणाचं वाटलं. तिच्यावर सुवाच्य अक्षरात ‘बातम्या’ अशी चिठ्ठी लावून त्यांनी ती कपाटात ठेवून दिली.

त्यांचा दुसरा शोध याहून मोठा होता. रेकॉर्डिंग चालू असताना खोलीत कोणी बोललं तर तो आवाज कॅसेटमध्ये जातो, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यामुळे रेकॉर्डचा लाल दिवा लागला की आमच्या घरात श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. आई पोळ्या लाटायची थांबे. खोकला आला की अंगणात पळायचं. मी एकदा भीत भीत म्हटलं, “पुस्तकात लिहिलंय, बाहेरचा आवाज आत जात नाही.”

वडील शांतपणे म्हणाले, “पुस्तक जपानमध्ये लिहिलंय. आपल्या घरातले आवाज त्यांनी ऐकलेत का?”

अशा सिद्धतेत असताना बातमी आली की नाना टीव्हीवर येणार.

नाना म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. साक्रीकडच्या एका गावात त्यांची कोरडवाहू जमीन, डोंगराला टेकलेली. त्या मुरमाड उतारावर त्यांनी डाळिंबं जगवली होती. प्रत्येक रोपाशेजारी मातीचं मडकं पुरायचं, ते पाण्यानं भरायचं, पाणी झिरपून मुळांना मिळत राहतं. ही कल्पना नानांना एका पहाटे आपोआप सुचली, असं आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. लग्नाकार्यात, बाजारात, एसटीच्या थांब्यावर नाना ती पहाट सांगत. दर वेळी ती आणखी थोडी उजळलेली असे. शेतीच्या कार्यक्रमवाल्यांच्या कानावर ती गेली आणि ते कॅमेरा घेऊन मळ्यात आले.

भर मे महिन्यात नानांनी लोकरीचा कोट घातला होता. ‘शास्त्रोक्त’, ‘भूगर्भ’ आणि ‘माझ्या मते’ हे शब्द त्यांनी आठवडाभर घोकले होते. ते तासभर बोलले, असं त्यांनीच सांगितलं. निघताना त्या लोकांनी अक्कांनाही, म्हणजे काकूंना, काहीतरी विचारलं. “बाईमाणसाला विचारावं लागतं, नियम असतो त्यांचा,” असा खुलासा नानांनी केला.

कार्यक्रमाच्या दिवशी दोघं दुपारच्या एसटीनं धुळ्याला आले. नानांच्या अंगावर कोट होताच. टीव्हीतल्या माणसाला घरातल्यांनी ओळखावं म्हणून असेल. अक्का नेहमीच्या नऊवारीत, पिशवीत आमच्यासाठी डाळिंबं. आल्या आल्या त्या आईबरोबर चुलीशी गेल्या. त्या टीव्हीत दिसतील ही शंका त्यांच्यासकट कोणालाच नव्हती.

संध्याकाळी वडिलांनी नवी कोरी कॅसेट घातली. केंद्र नीट लावलंय की नाही ते मी आधीच गुपचूप पाहून ठेवलं होतं. आई नि अक्का स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या, बाकीच्यांना वडिलांनी ओळीनं बसवलं आणि नियम सांगितला, “दिवा लागल्यावर कोणी बोलायचं नाही. आयुष्यभर राहणारी वस्तू आहे.”

“माले बी लागू शे का?” नानांनी विचारलं.

“तुम्ही तर टीव्हीत बोलणारच आहात, नाना. इथं कशाला?”

नानांना ते पटलं.

कार्यक्रम सुरू झाला. आधी डोंगर दिसला, मग उतार, मग ओळीत लावलेली रोपं. मग कोट दिसला. नाना हात उंचावून कुठंतरी दाखवत होते, ओठ हलत होते, पण आवाज निवेदिकेचा होता. ती धुळे जिल्ह्यातल्या पावसाविषयी सांगत होती. पाऊस सांगून संपला तेव्हा नाना पडद्यावरून गेले होते. मग पुन्हा एकदा आले, पाठमोरे, झाडाकडे चालत. कोटाला मागे मातीचा पंजा उमटलेला होता. भूगर्भ आला नाही. पहाटही आली नाही.

आणि मग अक्का आल्या. डोक्यावर पदर, कमरेला घागर. विचारणाऱ्यानं विचारलं, “ही मडक्यांची कल्पना कशी सुचली?” अक्कांनी घागर खाली ठेवली आणि सरळ कॅमेऱ्याकडे पाहून सांगितलं:

“मना माहेरले वांगास्ले असंच करतस. मी यास्ले सांगं, तं हाई मालेच हासनात. म्हनेत, झाडेस्ले काय माठनं पानी पाजस? मंग मी माहेरथून जुना मडका आनात नि मीच पुरात. आते रोज हिरवरथून पानी आनी आनी भरस.”

म्हणजे रीत त्यांच्या माहेरची, तिला हसले होते नाना, आणि मडकी पुरणाऱ्या, विहिरीवरून रोज पाणी आणून ती भरणाऱ्याही त्याच. एवढं बोलून त्या हसल्या. त्यांचा आवाज स्वच्छ आला होता, एक शब्द गाळलेला नव्हता.

आमच्या खोलीत नानांनी तोंड उघडलं. वडिलांनी ताबडतोब ओठांवर बोट ठेवलं आणि लाल दिव्याकडे खूण केली. नाना तोंड मिटून बसले. पुन्हा उघडलं, पुन्हा बोट. वीस वर्षं जी पहाट ते सांगत आले होते ती त्यांच्या डोळ्यांदेखत मावळत होती आणि त्यांना हूं की चूं करायची सोय नव्हती. त्यांचा चेहरा कोटाच्या आत हळूहळू लाल होत गेला. अक्का दाराच्या चौकटीला टेकून, हाताला पीठ तसंच, स्वतःकडे बघत होत्या. आईनं त्यांच्या दंडाला हात लावला तरी त्या हलल्या नाहीत.

कार्यक्रम संपला, दिवा विझला. आता बोलायला परवानगी होती.

शेवटी नाना वडिलांना म्हणाले, “तेवढंच पुसाई जाई का रे?”

पुसता येत होतं. न येणारं काहीच या यंत्रात नाही, असं वडील गल्लीत सांगत फिरायचे. शिवाय त्याच महिन्यात मामांनी पाठवलेल्या त्यांच्या मुलीच्या बारशाच्या कॅसेटमधला अर्धा भाग त्यांनी अनवधानानं पुसून ही गोष्ट सिद्धही केली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“नाही, नाना,” ते म्हणाले. “ती सोय या यंत्रात नाही.”

मग त्यांनी कॅसेट बाहेर काढली, टेबलाच्या खणातून पेचकस घेतला आणि कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची चिमुकली पट्टी कट्‌कन मोडली. ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही आणि पुसताही येत नाही. हे माहितीपुस्तकाच्या नवव्या पानावर होतं. म्हणजे पुस्तक रात्रीबेरात्री दप्तरातून काढून कोणीतरी वाचत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

“भाऊ, परत लाव बरं,” अक्का म्हणाल्या.

वडिलांनी लावलं. अक्का या वेळी पुढे येऊन टीव्हीसमोर बसल्या. स्वतःचं बोलणं त्यांनी ऐकलं न ऐकलं, त्यांचं लक्ष पडद्यात मागे दिसणाऱ्या रोपांच्या ओळीकडे होतं. मध्येच त्यांनी पडद्याला बोट लावलं.

“हाई तिसरं मडकं रितं शे. त्या दिन तुम्ही भरनार व्हतात ना?”

नाना म्हणाले, “कोट घालेल व्हता.”

आईला हसू आवरेना, ती आत गेली. जेवताना नाना फारसे बोलले नाहीत, पण पोळ्या नेहमीइतक्याच खाल्ल्या.

सकाळी जाताना त्यांनी कॅसेट मागून घेतली. ती वाटेत पांझरा नदीत पडेल, अशी माझी खात्री होती. पण तसं झालं नाही. पुढच्या गणपतीत गावच्या मंडळानं भाड्यानं टीव्ही-व्हीसीआर आणला, तेव्हा नानांनी स्वतः कॅसेट आणून दिली. सगळ्या गावानं ती पाहिली. अक्कांचं बोलणं संपल्यावर नाना उठून उभे राहिले आणि म्हणाले की असं बोल म्हणून आपणच तिला सांगितलं होतं, टीव्हीवर बाईमाणसाला मान द्यावा लागतो. गाव मनापासून हसलं. अक्का बायकांमध्ये बसल्या होत्या, त्यांनी नाही म्हटलं नाही.

त्यानंतर नाना स्वतः घागर घेऊन मडकी भरू लागले, असं लिहायला मला फार आवडलं असतं. ते काही झालं नाही. मात्र मळा पाहायला लोक येत, तेव्हा पहाटेची गोष्ट सांगायची त्यांनी बंद केली. पाहुण्यांना खाटेवर बसवायचे आणि घराकडे तोंड करून हाक मारायचे, “अवं, भायेर ये. मंडळी मडकास्नं इचारी ऱ्हायनी.”

अक्का हात पुसत बाहेर यायच्या आणि सांगायला लागायच्या. नाना तोवर चहाचं बघायचे.