पुरणपोळीची वेबसाइट

आमच्या घरात कॉम्प्युटरमधलं सगळ्यात जास्त मला कळतं. (हे मीच जाहीर केलं होतं. विरोध झाला नाही, कारण कुणी ऐकतच नव्हतं.)

झालं असं की, सदरला, म्हणजे लष्करी छावणीच्या भागात, राहणाऱ्या एका मेजरसाहेबांच्या बायकोनं सुनंदाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, सांगितलं, "होली की पार्टी में आपकी पूरनपोली रखेंगे। वेबसाइट का लिंक भेज दीजिए, सब लेडीज़ देख लें, फिर ऑर्डर पक्का।" तीस वर्षं सुनंदानं आमच्या मदन महल वस्तीभर लोकांच्या सणावाराला पोळ्या लाटून दिल्या, त्याही "काय हाताला चव आहे!" एवढ्याच मोबदल्यावर. आता पहिल्यांदा कुणी तिला रीतसर ऑर्डर देणार होतं. ती इतकी खूश झाली की मलाही तिच्यासाठी काहीतरी करावंसं वाटलं. घात झाला तो तिथेच!

"वेबसाइट मी बनवतो," मी म्हणालो.

"तुम्हाला जमते का जी?"

"सगळं फुकट मिळतं! दहा मिनिटांचं काम आहे."

दहा मिनिटं हा आकडा व्हिडिओतल्या माणसाचा. "दोस्तों, दस मिनट में अपनी वेबसाइट!" असं म्हणून तो चौदा मिनिटं स्वतःच्या चॅनेलबद्दलच बोलला. मग मी 'नवशिक्यांसाठी मोफत साधनं' अशा याद्या वाचल्या. आठवडाभर वाचल्या, वहीत उतरवल्या, लाल शाईनं अधोरेखित केल्या. आठव्या दिवशी माझ्याकडे वेबसाइट सोडून बाकी सगळं होतं.

शेवटी एके ठिकाणी तयार नमुने सापडले. नाव-फोटो भरा की झालं! पण खाण्यापिण्याच्या नमुन्यांत जिकडेतिकडे गोरे लोक हिरवा पाला चावत बसलेले. (पुरणपोळीशेजारी ते बरं दिसतं का?) एक नमुना मात्र बघताक्षणी आवडला. वर गणपती, झेंडूचं तोरण, दोन्हीकडे समया. होता तो लग्नपत्रिकेचा, पण म्हटलं, शुभ ते शुभ! गणपतीखाली मी ठळक अक्षरांत लिहिलं, 'घरची पुरणपोळी'.

पुढे 'निमंत्रक' असा रकाना होता, आणि तो रिकामा सोडता येत नव्हता. मी माझं नाव टाकलं आणि नागपूरच्या थोरल्या आत्यांना कौतुकानं पान पाठवलं. दोन मिनिटांत फोन!

"काहून रे, तुझंच नाव? घरात मोठं माणूस उरलं नाही का?"

मग आत्या सगळ्यात वर गेल्या. आत्या आल्या म्हणून काका आले, काका आले म्हणून त्यांच्या व्याह्यांना डावलता येईना. मानपान सांभाळत एकवीस नावं बसवली, तीन कैलासवासींसकट. तारीख आणि पत्ताही सक्तीचा होता, म्हणून घरचा पत्ता टाकला आणि पंचांग बघून उद्घाटनाचा मुहूर्त दिला: रविवार, सकाळी अकरा. सगळ्यात खाली 'आम्ही येणार' असं बटण होतं आणि त्यापुढे 'किती जण?' ते काही केल्या निघेना. राहू दे, म्हटलं, तिथे लोक पोळ्यांचा आकडा भरतील!

लिंक मेजरसाहेबांच्या बायकोला आणि ओळखीच्या सगळ्या ग्रुपांवर पाठवली.

"अहो, मला दाखवा तरी एकदा," सुनंदा म्हणाली.

"उद्घाटनाआधी नाही! पण सत्तावीस पोळ्यांची ऑर्डर आली आहे. पुरण शिजायला टाक!"

रविवारी अकराला बेल वाजली. दारात मेजरसाहेबांची बायको आणि तीन मैत्रिणी, रेशमी साड्या नेसून, हातात पुष्पगुच्छ.

"बधाई हो भाईसाहब! बेटी की शादी है?"

"बेटी तो है नहीं जी हमारी."

"अच्छा, तो बेटे की?"

"उसके तो दो बच्चे हैं!"

तेवढ्यात ग्रुपांवरची मंडळी अहेराचे लिफाफे घेऊन जिना चढू लागली. "मंडप कुठं टाकला जी? आणि 'घरची पुरणपोळी' लिहून मेनूसुद्धा आधीच सांगून टाकला, छान केलं!"

सुनंदानं पाहुणीचा फोन मागून घेतला आणि पान वरपासून खालपर्यंत वाचलं. दोनदा वाचलं.

"यात माझं नाव कुठं आहे?"

मी तोरणाकडे बघितलं, समयांकडे बघितलं. एकवीस नावं, त्यातली तीन स्वर्गातली, आणि पोळ्या लाटणारीचा पत्ता नाही! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

पदर खोचून तिनं तवा ठेवला आणि सत्तावीसच्या सत्तावीस जणांना तूप घालून गरम पोळी वाढली.

"ये बनाती कौन हैं?" मेजरसाहेबांच्या बायकोनं बोटं चाटत विचारलं.

"मैं," सुनंदा म्हणाली. "मैं अकेली."

होळीची ऑर्डर तिथल्या तिथे, तोंडी पक्की झाली.

त्याच दुपारी सुनंदानं स्वतः नवी वेबसाइट केली. एकही व्हिडिओ न बघता! वर तिचं नाव, खाली पोळीचा फोटो, फोन नंबर, बस. माझाही फोटो तिनं आठवणीनं टाकला आहे. त्याखाली सदरच्या बायकांना कळावं म्हणून हिंदीत लिहिलंय: 'ऑर्डर के लिए कृपया इनसे बात न करें।'