पट्टी बांधली अन् पेशंट उठून गेला

मैत्रिणींनो, दुपारपासून डोकं चक्रावून गेलंय.

आज पांढुर्ण्याला नर्सिंगच्या पोरींचा सराव पाहायला गेली होती. आता तिथे पेशंट म्हणून श्वास घेणारा पुतळा आहे. पोरींनी त्याच्या डोक्याला सुरेख पट्टी बांधली. मी विचारलं, "हा उठून पळाला तर?"

सगळ्या हसल्या. "मॅडम, हा पळतच नाही."

ऐंशीच्या दशकात असा सराव मी घ्यायची. दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा अन् सावरगाव एकमेकांवर गोटे मारतात, त्या गोटमारीच्या आधी. पुतळा कुठला! सावरगावची सुशीला, माझी विद्यार्थिनी, कपाळाला कुंकवाचं पाणी लावून पेशंट व्हायची. एकदा पट्टी बांधून झाली अन् ती थेट दाराबाहेर.

"अगं, कुठे चालली?"

"नदीवर, बाई! आमच्याकडचा गडी पट्टी बांधल्यावर पडून राहते का? तो परत गोटे माराले जाते."

मग मी एकीला पट्टी बांधायला अन् दुसरीला पेशंटचा हात धरून बसायला शिकवलं. तरी त्या वर्षी गोटमारीत एक जखमी गडी हात सोडवून गेलाच. परत आला तो चौघांच्या खांद्यावर.

आज पोरींना शाबासकी द्यावी की नाही, तेच कळेना. तुम्हीच सांगा, जो पळतच नाही, त्याच्यावर पळणाऱ्याला थांबवायचं कसं शिकायचं?