विहिरीच्या चित्रात काय नाही

त्या काळी मी पत्रकं लिहायचो. बेळगावात छापायची, निपाणीच्या बाजारात वाटायची. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर लहान मुलांसाठी चित्रकोडी काढायचो: चित्रात काय नाही ते ओळखा. पाढे घोकवण्याआधी पोरांना विचार करायला शिकवा, असं सांगत फिरायचो. ऐकणारे कमीच.

निपाणीजवळच्या एका गावात मुख्याध्यापकांनी माझी कोडी मागून घेतली. महारवाड्यातल्या एका सहा वर्षांच्या मुलीला पहिलीत घ्यायचं की नाही, हे ते त्यांवरून ठरवणार होते. बाकीच्या पोरांना असली परीक्षा नव्हती. हे मी त्यांच्या तोंडावर बोललो.

"पत्रकवाले, कोडी तुमचीच ना?" ते म्हणाले. "मग भिता कशाला?"

चित्रात विहीर, दोर, घागर आणि एक बाई. रहाट मी मुद्दाम काढला नव्हता.

मुलगी दाराबाहेरून चित्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पाणी वाढणारं कोण न्हाय."

"चूक. रहाट नाही," मुख्याध्यापक म्हणाले.

"तसं का गं म्हणालीस?" मी विचारलं.

"बाई लई लांब बसलीया. घागर रिकामीच. म्हंजी हिला काढू देत न्हाईत. रहाट असला तरी हिला काय त्याचं?"

पलीकडच्या बाजूच्या छपाईची शाई मध्ये उमटली होती, म्हणून बाईला मी कडेला सरकवलं होतं. एवढंच. पोरीनं त्या अंतराचं कारण शोधलं. कोड्यानं आणखी काय करून घ्यायचं असतं? हे मी मुख्याध्यापकांना चढ्या आवाजातच विचारलं.

त्यांनी चित्र उचलून बाईपासून विहिरीपर्यंत बोट फिरवलं. "घेतो," शेवटी म्हणाले. "पडवीत बसेल."

मी भांडायला तोंड उघडलं, तर अंगणातून तिची आई म्हणाली, "असू द्या अण्णा. नाव तर घालत्यात."

पुढच्या आठवड्यात गेलो. मुलगी पडवीतच. पण "चित्र दिसत न्हाय" हा तिचा धोशा थांबेना, म्हणून कोडी आता दाराच्या चौकटीला टांगली होती, आणि सगळा वर्ग मास्तरांच्या खुर्चीकडे पाठ करून दाराकडे तोंड करून बसला होता. याला न्याय म्हणायला मी आजही तयार नाही. उंबरा होता तिथंच होता.

पुढं बसलेला एक पोरगा मान वाकडी करून बाहेर तिला विचारत होता, "सांग की गं, ह्यात काय न्हाय?"