तेल घातलेला लॅपटॉप

आमच्या विमलावहिनींचा मशीनच्या तेलावर फार विश्वास. जगात जे जे अडतं, कुरकुरतं किंवा रुसून बसतं, त्याला दोन थेंब तेल हवं असतं, असं त्यांचं म्हणणं. शिलाई मशीनच्या खणात लांब नळीची ती छोटी बाटली कायम भरलेली असते. त्या बाटलीने त्यांनी दाराची कडी सरळ केली, माझ्या पंख्याचं रडणं थांबवलं, शेजाऱ्यांच्या सायकलचीही समजूत काढली. एकदा माझा गुडघा धरला होता, तर वहिनी जरा जास्तच वेळ त्या खणाकडे बघत होत्या. मी पाय आत ओढून घेतला.

वहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ. मालाडला कुरारमध्ये आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून आहेत, त्यामुळे त्यांच्या घरात काय चाललंय ते मला कान न देताही कळतं. थोरले दीर एका सरकारी ऑफिसात शिपाई होते. ते अकाली गेले आणि त्यांच्या जागी वहिनींना घेतलं. साहेबांच्या दाराबाहेर एक लाकडी स्टूल आहे. आधी त्यावर दीर बसायचे, मग वहिनी बसू लागल्या. बेल वाजली की उठायचं, पाणी द्यायचं, फाइल न्यायची, परत येऊन बसायचं. स्टुलाला पाठ नाही. संध्याकाळी घरी आल्या की आधी भिंतीला टेकतात आणि 'हुश्श' करतात. तो हुश्श माझ्या बाजूला रोज ऐकू येतो.

शिपायाला क्लार्क होता येतं, पण त्यासाठी मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हावी लागते. वहिनी दोनदा नापास झालेल्या. बोटं बरोबर पडायची, पण स्पीड यायचं नाही. यंदा ऑफिसात बढत्या निघणार होत्या. पुढच्या निघेपर्यंत वहिनी रिटायर झाल्या असत्या. म्हणजे काय ते यंदाच. "माका एकदा पाठ असलेल्या खुर्चेर बसूचा हा गो," एवढंच त्या म्हणायच्या. पगाराचं नाव नाही, मानपानाचं नाव नाही. खुर्चीला पाठ हवी.

मुलगा हर्षद पुण्याला नोकरीला असतो. त्याने सरावासाठी आपला जुना लॅपटॉप आईला दिला. आणि मग दसरा आला.

दसऱ्याला आपल्याकडे हत्यारांची पूजा करतात. वहिनींनी शिलाई मशीन पुसलं, कात्री मांडली, विळी मांडली आणि शेजारी लॅपटॉप उघडून ठेवला. आता त्यावर आपलं पोट चालणार, तर त्याची पूजा नको? हळद, कुंकू, झेंडू आणि वरून मूठभर अक्षता. मी समोरच होते आणि हात जोडून उभी होते, तेव्हा मला बोलायला तोंड नाही.

दुसऱ्या दिवशी एक बटण अर्धंच दबू लागलं. दुसऱ्या कोणी लॅपटॉप उपडा करून झटकला असता. वहिनींनी खण उघडला.

"श्रुतिका, धाव गो! ह्यो थांबाक तयार नाय!"

मी धावले. स्क्रीनवर 'क' चालला होता. ओळीमागून ओळ, पानामागून पान, नुसता क. कोणी हात लावत नव्हतं तरी तो आपला टाइप होतोच आहे. बटण खाली गेलं होतं ते वर यायचं नाव घेत नव्हतं. आणि खोलीत शिलाई मशीनचा वास.

"वहिनी, यात तेल घातलंत?"

"मशीन ती मशीनच मा? अडकत होती, घातलंय दोन थेंब."

"दोनच ना?"

"दोनच," वहिनी म्हणाल्या. मग जरा खालच्या आवाजात, "प्रत्येक बटणाक."

हर्षदला फोन लावला. पलीकडे तो इतका हसला की मलाच राग आला. शेवटी म्हणाला, "आई, दुकानात ने. आणि ती बाटली घरी ठेव."

स्टेशनजवळच्या गल्लीत मिथुनचं रिपेअरिंगचं दुकान आहे. त्याने लॅपटॉप उघडला आणि मान मागे घेतली. "आंटी, इसमें भजी तली क्या?" मग चिमट्याने त्याने बटणाखालून कुंकू लागलेला तांदूळ बाहेर काढला, आणखी एक काढला, आणि आमच्याकडे असं बघितलं की मी रस्त्यावरची गर्दी बघायला लागले.

त्याचं म्हणणं असं, की या लॅपटॉपचा कीबोर्ड वरच्या पत्र्यातच बसवलेला असतो. ताट उचलावं तसा तो निघत नाही, पत्र्यासकट बदलावा लागतो. मॉडेल जुनं, माल मागवावा लागेल, आला तर आला. परीक्षा तर दिवाळी संपली की लगेच होती. आपल्या हातानेच आपण घालवलं, हे वहिनींच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, आणि मला त्या मिथुनचा, हर्षदचा, झालंच तर दसऱ्याचाही राग आला.

"अरे, मग काहीतरी कर ना यार," मी ओरडलेच.

मिथुनने केलं. आतून कीबोर्डची जोडणी सोडवली, तसा तो 'क' एकदाचा गप्प झाला. मग फळीवरून वायरवाला लांबलचक कीबोर्ड काढून लॅपटॉपला जोडला. "अभी इसपे मारो. अंदरवाला मर गया समझो."

घरी आल्यावर हा लांबोडा ठेवायचा कुठे हा प्रश्न पडला. लॅपटॉपवरच ठेवला तर घसरतो, जमिनीवर ठेवला तर कंबर मोडते, ओट्यावर भाकरीची परात. शेवटी वहिनींनी शिलाई मशीनचं डोकं आत दुमडलं, फळी सपाट केली, मागे लॅपटॉप, पुढे कीबोर्ड. समोर स्टूल घेऊन बसल्या आणि सवयीने पाय पायडलवर गेला.

भिंतीपलीकडून मला आधी नेहमीची टकटक ऐकू आली. अडखळत, थांबत. मग खालून पायडलची खटर-खटर सुरू झाली आणि टकटक तिच्या मागोमाग धावायला लागली. मी हातातलं काम टाकून बघायला गेले. वहिनी पायाने मशीन मारत होत्या आणि हाताने टाइप करत होत्या. आयुष्यभर ब्लाउज असेच शिवले होते. पाय चालला की हात आपोआप चालायचा. इतके दिवस जे स्पीड येत नव्हतं, ते पायात अडकून बसलं होतं!

"वहिनी, झकास! पण परीक्षेत पायडल कुठून आणणार?"

"ता मगे बघू," म्हणाल्या आणि खटर-खटर चालूच.

परीक्षा बोरिवलीला होती. मी सोबत गेले आणि गेटबाहेर चहावाल्याला उगाच प्रश्न विचारत बसले. वहिनी बाहेर आल्या त्या लंगडत. रिक्षात बसल्यावर त्यांनी सांगितलं. सुरुवात केली आणि टेबलाखाली पाय आपला सुरू झाला, चप्पल फरशीवर फटाक फटाक. सुपरवायझर आला. "बाई, पाय हलवू नका, इतरांना त्रास होतो." पाय थांबला, तसे हातही थांबले.

"मग?"

"मगे काय? चपला काढलंय, डावो पाय खाली, उजवो वर. आणि मारलंय पायडल."

मी खाली वाकून बघितलं. स्वतःच्याच पायावर पायडल मारून डाव्या पायाची बोटं लाल झाली होती. मी हसले आणि हसता हसता रडले. रिक्षावाला आरशातून बघत होता, बघू दे.

वहिनी पास झाल्या. बढतीची ऑर्डरही निघाली.

मध्यंतरी मी त्यांच्या ऑफिसात गेले होते, डबा विसरल्या म्हणून. त्या टाइप करत होत्या. टेबलाखाली चपला बाजूला काढलेल्या, पायावर पाय, आणि तो वर-खाली चाललेला. तेवढ्यात साहेबांची बेल वाजली. वहिनींचा पाय थांबला. त्या अर्ध्या उठल्या, हात पाण्याच्या ग्लासाकडे गेलासुद्धा. दाराबाहेरच्या स्टुलावरून दुसरंच कोणीतरी उठून आत गेलं.

वहिनींनी त्या स्टुलाकडे पाहिलं. मग सावकाश खाली बसल्या, मागे सरकल्या, पाठ खुर्चीला टेकवली. आणि तो हुश्श मी दारातूनच ऐकला.