देवरेसाहेबांच्या पाठीवरची ओळखपरेड

"डॉक्टर, वांगं बंद केलं, मासे बंद केले, हिंगसुद्धा बंद केला. आता घरात फक्त मी आणि खाज उरलोय," देवरेसाहेब म्हणाले आणि त्यांनी मान अशी खाजवली की माझ्या दवाखान्यातला पंखा घाबरून थांबला. वीज गेली होती, हे खरं. पण वेळ बघा.

सत्तरच्या दशकाचा शेवट. नाशिक रोडला माझा कातडीच्या रोगांचा दवाखाना होता. देवरे जवळच्या एका कारखान्यातले बडे ऑफिसर, मूळचे सटाण्याकडचे. चेहरा, मान, हात, म्हणजे शर्टाबाहेर जेवढे देवरे होते तेवढे सगळे लालबुंद. एक्झिमा. सोप्या भाषेत, कातडीचा स्वभाव चिडका होणं. साबण, लोकर, घाम, धूळ, काळजी, कशानंही ती बिथरते. खाजवलं की आणखी बिथरते.

"कधी वाढतं?" मी विचारलं.

"सोमवारी. ऑफिसचं टेन्शन असणार."

सोबत आलेल्या देवरेवहिनी पुढे झुकल्या. "डॉक्टरीणबाई, पंधरवड्यानं आमच्या रंजूला बघायला पाहुणे येणारेत. तिच्या बापाचं हे तोंड बघून म्हणतील, रोग रक्तातच आहे. सोन्यासारखं स्थळ जाईल हो."

एक्झिमा शिवल्यानं लागत नाही, हे मी सांगितलं. पण पाहुण्यांना पोह्यांबरोबर वैद्यकशास्त्र कोण वाढणार?

मी पॅच टेस्ट ठरवली. संशयित वस्तूंचे बारीक तुकडे पाठीवर चिकटवायचे, दोन दिवस ठेवायचे आणि कुठे लाल होतं ते बघायचं. म्हणजे पोलिसांची ओळखपरेडच, फक्त साक्षीदार पाठ.

दुसऱ्या दिवशी साहेब पोतंभर संशयित घेऊन आले. स्वेटर, घड्याळाचा पट्टा, केसाचं तेल, अत्तर. आणि अर्थातच एक वांगं.

"वांग्याची चौकशी पाठीवर होत नाही, साहेब. घरी न्या आणि भरून खा."

मी आत पट्ट्या कापत होते. बाहेरून भाषणाचा आवाज आला. पडदा सारून पाहिलं तर साहेब माझ्या पेशंटांसमोर उभे. उघड्या हातात पांढऱ्या फुलांची हिरवीगार जुडी.

"हे गाजरगवत," ते गरजत होते. "परदेशातून आलेला शत्रू. यानं कातडी सडते, दमा होतो. आमच्या कॉलनीत दर रविवारी मी स्वतः, या हातांनी, हे उपटतो."

आणि त्याच हातानं त्यांनी मान खाजवली.

बाकावरच्या एक म्हाताऱ्या आजी शांतपणे म्हणाल्या, "मंग धरलं कशाला, बाबा?"

मी हसू दाबलं आणि त्या जुडीतलं एक पान परेडीत उभं केलं.

दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या. स्वेटर निर्दोष, पट्टा निर्दोष, अत्तर निर्दोष. पानाखाली मात्र असा लाल डोंगर उठला होता की त्यावर रोपवे टाकता आला असता.

"शक्य नाही," साहेब म्हणाले. "मी त्याच्या विरोधात आहे."

"ते त्याला माहीत नाही, साहेब."

वहिनींनी तेवढ्यात गुपित फोडलं की उपटलेल्या गवताचा ढीग विजयाची खूण म्हणून बेडरूमच्या खिडकीखालीच रचलेला असतो. वाऱ्यानं त्याचे कण थेट साहेबांच्या उशीवर.

मी थोडे दिवस लावायचं मलम दिलं. थंड पाण्याच्या घड्या, कोमट पाण्यानं आंघोळ, अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल, नखं कापलेली. ढीग लांब खड्ड्यात पुरायचा. आणि रविवारच्या गवत उपटायच्या मोहिमेवर जायचं नाही.

"लोक म्हणतील देवरे पळाला."

"सेनापती खंदकात उतरतो का? तुम्ही व्हरांड्यातून हुकूम द्या."

सेनापती हा शब्द मलमापेक्षा खोल जिरला. साहेबांनी लाऊडस्पीकर आणला. बिचारी कॉलनी.

पाहुण्यांचा रविवार आला. वहिनींनी मला हट्टानं बोलावलं होतं. साहेबांचा चेहरा सोललेल्या बटाट्यासारखा नितळ. मुलाचे वडील टांग्यातून उतरले. ऑक्टोबरची ती हीट, गोदावरीचा चहा व्हावा अशी, आणि गृहस्थांच्या गळ्याला घट्ट लोकरी मफलर. "घसा धरलाय," मुलगा घाईनं म्हणाला.

तेवढ्यात फाटकातून मोहिमेतले कार्यकर्ते घोषणा देत आत शिरले. पाहुण्यांसमोर आपल्या सेनापतीचा सत्कार करायचा होता. हातात जाडजूड हार. ताज्या, फुललेल्या गाजरगवताचा.

वहिनींचा चेहरा पांढरा पडला. साहेब खुर्चीला चिकटले. "आधी पाहुण्यांचा मान," एक कार्यकर्ता म्हणाला आणि हार मुलाच्या वडिलांकडे वळला.

ते गृहस्थ खुर्चीवरून उडून थेट तुळशीवृंदावनापलीकडे. "अहो, लांब ठेवा ते! मला चालत नाही!" मफलर मध्येच गळून पडला. खाली मान लालबुंद, ओळखीची.

वहिनींनी ती मान पाहिली, मग मुलाची आई वहिनींकडे बघून हळूच म्हणाली, "आम्हालाच भीती होती हो, तुम्ही काय म्हणाल."

"पोहे घ्या," वहिनी म्हणाल्या.

पोहे संपायच्या आत लग्न जमलं. दोघे व्याही शेजारी बसून खोबरेल की मलम यावर असे रंगले की नवरा-नवरी राहिली बाजूला. मी फक्त व्याह्यांना सांगितलं की त्या चिडक्या मानेला लोकरीचा मफलर म्हणजे आगीत रॉकेल.

एवढ्या वर्षांच्या प्रॅक्टिसमधून दोन गोष्टी शिकले. शत्रूशी लढताना हातमोजे घालावेत. आणि ऑक्टोबरात मफलर घालणाऱ्याचा घसा तपासू नये, मान तपासावी.