विसराळू शेळीचा मेंदू

“अंडं एकदा उकडलं का मंग पातळ होत नाई,” असं आमचे कंपाउंडर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. समोरचा बैलाच्या खुराचं औषध घ्यायला आलेला असे. तो मान डोलावून निघून जाई.

आर्वी तेव्हा मध्य प्रदेशात होती आणि मी तिथल्या गुरांच्या दवाखान्यात कारकून होतो. कंपाउंडरांची आई म्हातारपणी सगळं विसरत चालली होती. पोटच्या पोरालाही ओळखेना. तिच्या मेंदूतलं प्रथिन अंड्याच्या पांढऱ्यासारखं गोठत असणार, असं त्यांनी एका जाड इंग्रजी पुस्तकावरून ठरवलं होतं. ते गोठणं थांबवलं की आई आपल्याला ओळखेल, एवढीच त्यांची आशा.

म्हणून ते खाटकाकडून मेंदू आणायचे, उकळायचे, धोतराच्या फडक्यातून गाळायचे. पण खाटकाकडची बकरी कोवळी. म्हातारी, विसराळू शेळी हवी म्हणून ते गावोगाव विचारत फिरले. एकाने सांगितलं, माझी शेळी दूध द्यायला विसरते. हसू नका, कंपाउंडरांनी तेही वहीत लिहून घेतलं.

शेवटी तळेगावात एक सापडली. रोज संध्याकाळी ती दुसऱ्याच्याच गोठ्यात जाऊन बसायची. तिचा मेंदू मिठाच्या पाण्यात घालून त्यांनी घरी ठेवला आणि मला प्रयोग बघायला बोलावून नेलं. आम्ही पोचेपर्यंत त्यांच्या म्हाताऱ्या आईने तो शिजवला होता. खोबरं, खसखस, सगळं बरोबर. खारट पाणीही आठवणीने फेकलेलं. त्यांचं सगळं संशोधन पातेल्यात रटरटत होतं आणि, सांगायला लाज वाटते, मला भूक लागली.

पाहुणे समजून तिने आम्हाला वाढलं. कंपाउंडरांना म्हणाली, “पोटभर जेव बावा. पन थोडं राहू देजो, माहा पोरगा यायचा हाये अजून.”

त्यांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी अर्धी वाटी बाजूला सारली, हात धुतले, टोपी घातली आणि बाहेर पडले. मला वाटलं, रडायला गेले. तर ते अंगणाला वळसा घालून पुन्हा दारातून आत आले.

“आला का रे?” म्हातारी म्हणाली. “बस. आताच एक भुका मानूस जेवून गेला. तुह्यासाठी ठेवलं मी.”

ते बसले आणि पुन्हा जेवले. माझ्याने त्यांच्याकडे बघवेना.

प्रयोग तिथेच थांबले. म्हातारी होती तोवर ते रोज दोनदा जेवले, आधी पाहुणा होऊन आणि मग पोरगा होऊन. चांगलं पोट सुटलं त्यांचं.

ती गेल्यावर एकदा मी त्यांच्याकडे गेलो. भर दुपारी ते टोपी घालून अंगणात उभे होते. घरात का जात नाही, असं मी विचारलं.

“पाव्हना म्हून जेवलो,” ते म्हणाले. “आता पोरगा म्हून कोनापाशी जाऊ?”