कॉम्प्युटर चुकत न्हाय

आमच्या गावचे बँडमास्तर रेवदंड्यातल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात नोटेशन छापायला येतात, तेव्हा आधी लॅपटॉपवर नवी चाल ऐकवतात. चाल त्यांनीच बांधलेली असते, पण कौतुक सगळं सॉफ्टवेअरचं.

"ऐका भाऊ, हाय का कुठं बेसूर? कॉम्प्युटर चुकत न्हाय. चुकतात ती आमची माणसं."

मग छपाई होईपर्यंत ते माझ्या काउंटरवर बोटांनी ताल धरतात आणि मशीन त्या तालात चाललं नाही की कपाळाला आठ्या घालतात.

परवा क्लॅरिनेटचा कागद मला विचित्र वाटला. बाकीच्यांचं वाजवणं सलग, आणि याला मात्र दर दोन ओळींनी थांबायला जागा. मी विचारलं, तर मास्तर पेन ड्राइव्हचं झाकण लावत म्हणाले, "सॉफ्टवेअरची चूक हाय ती. असू दे."

पालखीच्या दिवशी बँड चौलचा चढ चढत होता. सत्तरी उलटलेले क्लॅरिनेटवाले काका नेमके त्याच जागांवर वाद्य खाली घेऊन धाप टाकत होते आणि पुढची ओळ आली की पुन्हा ऐटीत सुरू होत होते.

मास्तर त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हते. ते तरण्या ट्रम्पेटवाल्यावर ओरडत होते, "कॉम्प्युटरसारखं वाजव रे!"